मधल्या घराची किल्ली

या, जरा जवळ सरका. तिकडं लांब बसलात तर अर्धं ऐकू येईल आणि उरलेलं तुम्ही मनानं रचाल, आणि मनानं रचलेलं आमच्या वाळवंडीत आधीच पुष्कळ आहे. गोष्ट सांगतो ती देवाला कॉम्प्युटर मिळाला त्या वर्षाची. हिच्यात देव आहे, यंत्र आहे, यंत्रापुढं बसलेली एक बाई आहे आणि खांबापाशी बसलेली दुसरी. राक्षस म्हणाल तर नाही. आमच्याकडं त्यांना विश्वस्त म्हणतात.

तर कॉम्प्युटर आला तो पालखीतून. पुण्याच्या एका कारखानदार भक्तानं तो श्रीकेशवराजाला अर्पण केला होता. विश्वस्तांनी टेम्पोतून खोकी उतरवली, उत्सवाच्या पालखीत ठेवली आणि वाजतगाजत सभामंडपात आणली. मी तेव्हा तिथं पेटी घेऊन बसलो होतो, कारण देवळात काहीही झालं तरी मास्तरांनी पेटी वाजवायची असा नियम आहे. अध्यक्ष नरहरअण्णांनी स्क्रीनच्या काचेला कुंकू लावलं, वर तुळशीचा हार घातला आणि लोंबणारी वायर रेशमी फडक्यात गुंडाळून ठेवली. ते छोटं सरकवायचं असतं त्याला उंदीर म्हणतात, असं कुणीसं सांगितल्यावर ते गणपतीच्या कोनाड्यात गेलं. मग आरती झाली आणि सगळे जेवायला गेले. पुढं दोन-अडीच महिने त्या यंत्राला रोज संध्याकाळी धूप दाखवला जात होता. वीज मात्र कुणी दाखवली नाही.

त्याला काम मिळालं ते भांडणामुळं. आमच्या देवाच्या पूजेचा मान तीन घरांकडं आहे: थोरलं घर, मधलं घर आणि धाकटं घर. आडनाव तिघांचंही पुजारीच. मूळ पुरुष एक, पण त्याला इतक्या पिढ्या झाल्यात की एकमेकांचं सुतक कधीच तुटलंय. भांडण तेवढं तुटलेलं नाही. एकेक महिना एकेका घराची पाळी. चैत्र थोरल्याचा, वैशाख मधल्याचा, ज्येष्ठ धाकट्याचा, पुन्हा आषाढ थोरल्याचा, असं चक्र फिरतं. अमावास्येच्या संध्याकाळी गाभाऱ्याची किल्ली तांब्याच्या ताम्हनात ठेवून, वर अक्षता टाकून, जुन्या पाळीचा कर्ता पुरुष ती पुढच्या घरी स्वतः नेऊन देतो. त्या घरची बाई किल्लीला हळदकुंकू वाहते, रात्री किल्ली त्यांच्या देवघरात निजते आणि पहाटे त्याच घरचं माणूस गाभारा उघडतं. फार देखणी चाल आहे. माणसं वगळली तर आमच्या देवळातलं सगळंच देखणं आहे.

त्या वर्षी अधिक आषाढ आला. थोरल्या घरचे अण्णा म्हणाले, आषाढ माझा म्हणजे अधिक आषाढही माझाच. धाकट्या घरचे गंगाधरतात्या एरवी तपकिरीच्या डबीशिवाय कशावर हक्क सांगत नाहीत, पण ते म्हणाले की अधिक महिना ज्येष्ठाला लागून येतो, म्हणून ते ज्येष्ठाचं शेपूट, म्हणजे माझं. दोघांनीही आपापले भटजी धाडले. महिनाभर केशवराजाला रोज दोनदा अंघोळ घातली गेली. देव मूळचा सोशिक, त्यानं तक्रार केली नाही, पण गावात हसं झालं. तेव्हा अण्णांनी सभेत जाहीर केलं की आता पाळ्या कॉम्प्युटर लावील. यंत्राला नातं नाही, गोतं नाही, ते कुणाची बाजू घेत नाही, त्याचं म्हणणं तिन्ही घरांना बंधनकारक राहील. टाळ्या पडल्या. तात्यांनीही वाजवल्या.

आता तुम्ही विचाराल, तिसरं, म्हणजे मधलं घर कुठं होतं? मधलं घर खांबापाशी बसून फुलवाती वळत होतं.

सत्यभामाकाकू. वामनराव पुजाऱ्यांची बायको. वामनराव गेले ते ऐन कार्तिकात, स्वतःच्या पाळीच्या महिन्यात. घराला सुतक आलं, तेव्हा किल्ली अण्णांनी सांभाळायला घेतली. सुतक फिटलं. अण्णा म्हणाले, सध्या राहू दे माझ्याकडं, घरात पुरुषमाणूस नाही, वहिनींना त्रास नको. ते 'सध्या' वीसबावीस वर्षं चाललं होतं. वैशाख, श्रावण, कार्तिक, माघ, असे मधल्या घराचे चारही महिने थोरल्या घरात जात होते, त्यातला श्रावण आणि कार्तिक म्हणजे दह्यावरची साय. लोकही म्हणायचे, सध्या अण्णांकडं आहे. ज्यांचा जन्म त्यानंतर झाला तीही पोरं म्हणायची, सध्या.

काकू भांडल्या नाहीत. रोज येऊन वाती वळायच्या, आणि कीर्तन असलं की माझ्या पेटीच्या डाव्या अंगाला बसायच्या. मी कधी स्वर चुकलो तर नुसती मान वर करून बघायच्या. बुवांपेक्षा मला त्यांचाच धाक. एकदा प्रसाद वाटताना त्यांनी मला सहज सांगितलं होतं, "मास्तर, माझे गुडघे आता पायरीला विचारून चढतात. एकदा किल्ली घरी यायला हवी होती. ह्यांच्या देवघरात तिची जागा मी अजून रोज सारवल्यासारखी पुसते. सवय, दुसरं काय." मग लगेच म्हणाल्या, "पुरुष नाही म्हणतात. देव आहे की. तो काय बाईमाणूस आहे?" आणि हसल्या. एवढंच त्यांचं मागणं, आणि तेही त्यांनी केशवराजापुढं मांडलं नव्हतं, पेटीवाल्यापुढं मांडलं होतं.

बरं. कॉम्प्युटरला हे सगळं शिकवणार कोण, तर मालनबाई पटवेकर.

माझी टायपिंगची शाळा होती. मशिनं गंजायला लागली तेव्हा मी पाटीवर 'व कॉम्प्युटर' असं वाढवून घेतलं आणि शिकवायला मालनबाईंना बोलावलं. त्या मुंबईला एका कापडगिरणीत प्रोग्राम लिहायच्या, कार्डांना भोकं पाडून चालायचं त्या काळापासून. गिरणी बंद पडली, बाई गावी आल्या. लग्न केलेलं नव्हतं, देव मानत नव्हत्या आणि चहात साखर घेत नव्हत्या. या तिन्ही गोष्टी गावाला सारख्याच संशयास्पद वाटायच्या. माझ्यासारख्या टाळकुट्याशी त्यांचं जमायचं ते कसं, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

अण्णांनी त्यांना सांगितलं, दोन दिवसांचं काम आहे, बसा आणि करून टाका. बाईंनी रेशमी फडकं सोडलं, उंदीर गणपतीकडून परत मागून घेतला, यंत्र चालतंय एवढं बघितलं आणि ते बंद करून ठेवलं. मग आठवडाभर त्या यंत्राकडं फिरकल्याच नाहीत. सभामंडपात बसायच्या आणि अण्णांना, तात्यांना प्रश्न विचारायच्या. अण्णा माझ्यापाशी कुरकुरले की तुमच्या बाई काम करत नाहीत, नुसत्या बोलत बसतात. मी बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "मास्तर, टायपिंग हे काम नव्हे. ते तुमच्या शाळेतली मुलंही करतात. हे लोक जे न बोलता करतात ते मला बोलून हवंय. यंत्राला 'तुम्हाला माहीतच आहे' असं सांगून चालत नाही."

आणि खरोखर गंमत व्हायची. पिढ्यान्‌पिढ्या पूजा करणारी ही माणसं, पण बाईंनी साधा प्रश्न टाकला की एकमेकांकडं बघायची. अधिक महिना कुणाचा, यावर तीन दिवस गेले. शेवटी ठरलं की अधिक महिनाही आळीपाळीनंच द्यायचा, एकदा या घराला, एकदा त्या. तात्या म्हणाले, अरेच्चा, हे सोपं होतं की. बाई म्हणाल्या, सोपं होतं, सांगितलं नव्हतं कुणी.

मग बाईंनी विचारलं, पाळीच्या घरचं माणूस आजारी असलं, परगावी असलं तर? अण्णा ऐटीत म्हणाले की त्यानं काय होतं, बदली भटजी लावायचा, पूजा कुणी का करेना, मान घराचा. अण्णांचे स्वतःचे गुडघे दुखायचे, त्यामुळं गेली कित्येक वर्षं त्यांच्या नावानं पूजा बदली भटजीच करत होता. बाईंनी मान डोलावली.

मग त्यांनी विचारलं, "सुतक आलं तर?"

त्या दिवशी मीही तिथंच होतो. खांबापाशी काकू वाती वळत होत्या. अण्णा म्हणाले, "किल्ली आदल्या घरीच थांबते. मधल्याला सुतक आलं तर थोरलं घर सांभाळतं, थोरल्याला आलं तर धाकटं. पूर्वापार चालत आलंय."

"असं झालंय कधी?"

"झालंय तर. वामन गेला तेव्हा मीच नाही का सांभाळलं? आणि गेल्या आश्विनात आमच्या मातोश्री गेल्या. ऐन नवरात्र. तेव्हा तात्यांनी सांभाळलं."

"धाकट्या घराला?"

तात्या ओशाळं हसले. त्यांच्या घरात कुणी मरत नाही, नुसतं म्हातारं होतं. वडील नव्वदीला टेकले होते आणि अजून तिखट खात होते.

"आणि सुतक फिटल्यावर?" बाईंनी विचारलं.

अण्णा हसले. "फिटल्यावर काय, परत. ज्याची पाळी त्याच्याकडं परत. मी तेराव्याचं जेवण आटोपलं आणि तसाच तात्यांकडून किल्ली घेऊन आलो. काय तात्या?"

तात्या म्हणाले, हो, मी अजून ताटावरून उठलोही नव्हतो.

"म्हणजे दर वेळी परत," बाई म्हणाल्या.

"दर वेळी."

"कुठलंही घर असलं तरी."

"अहो बाई, नियम म्हणजे नियम. देवाच्या दारात काय घराघराला वेगळा?"

काकूंच्या हातातली वात थांबली होती, एवढं मी बघितलं. अण्णांनी बघितलं नाही. ते मधल्या घराकडं बघत नसत, तिथं खांब आहे असं समजूनच ते वर्षानुवर्षं चालत आले होते.

त्या आठवड्यात देवळात कीर्तन लागलं होतं. मी आग्रहानं बाईंना घेऊन गेलो. देव मानू नका म्हटलं, पण बुवा ऐका. बाई मागं येऊन बसल्या. बुवांनी मूळ पद घेतलं, अर्थ सांगता सांगता एका राजाच्या गोष्टीत शिरले. राजाला स्वप्न पडतं, त्या स्वप्नात एक व्याध येतो, तर बुवा व्याधाच्या गोष्टीत शिरले. व्याध झाडावर बसलेला, तर झाडाचीच गोष्ट सुरू झाली. मंडप तल्लीन झाला होता, आणि मीही, सांगायला लाज नाही, पेटीवर डोळे मिटून बसलो होतो. आणि मग बुवा एकेक जिना उतरावा तसे परत आले. झाडावरून व्याधाकडं, व्याधावरून जाग्या झालेल्या राजाकडं, राजावरून नेमके त्याच पदाच्या त्याच शब्दावर, जिथून निघाले होते तिथं. झांज पडली. मला वाटतं, आयुष्यात काही सुखं असतील तर ते त्यातलं पहिलं आहे. लांब जाऊन आलेला शब्द तोच असतो आणि तोच नसतो.

कीर्तन संपल्यावर बाई प्रसादाचं खोबरं खात बाहेर आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच असं काही बघितलं की त्याला दुसऱ्या कुणाच्या बाबतीत मी भक्तिभाव म्हटलं असतं.

"मास्तर, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं? तुमचे बुवा माझंच काम करतात. निघताना खूण ठेवायची, आत शिरायचं, त्याच्याही आत शिरायचं, आणि परत येताना एकही खूण विसरायची नाही. चांगला प्रोग्राम असाच दिसतो. नुसता चालणारा नव्हे, चांगला."

मी विचारलं, "आणि बुवा परत आलेच नाहीत, तर तुमच्या यंत्राचं काय होतं?"

"तुमचे लोक उठून जातील. यंत्र उठत नाही. ते त्या झाडावरच बसून राहतं, आणि वरून सगळं ठीक आहे असंच दिसतं." बाई चालता चालता थांबल्या. "माणसांचंही तसंच होत असावं."

दुसऱ्या दिवशी त्या यंत्रापुढं बसल्या. मला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं, पण त्यांचं बसणं बघण्यासारखं होतं. लिहायच्या, वाचायच्या, अर्धं पुसायच्या. चालत असलेली गोष्ट का पुसता म्हटलं तर म्हणाल्या, बेसूर आहे म्हणून. प्रत्येक नियमाशेजारी त्या मराठीत एक शेरा लिहायच्या, हा नियम का आहे याचा. यंत्र तो वाचत नाही, मग कुणासाठी? तर उद्या दुसरं कुणी हे उघडील त्याला कळायला हवं म्हणून. मी मनात म्हटलं, हिला देव मानायची गरजच काय.

पाडव्याच्या चार दिवस आधी यंत्र बोलायचं ठरलं. अण्णांनी निमंत्रणपत्रिका काढली: 'श्रींच्या पाळ्यांचे संगणकीय प्रकटीकरण'. पुण्याचे कारखानदार शाल घ्यायला आले होते. नारळ फुटला, त्याचं पाणी कीबोर्डावर उडालं, ते अण्णांनी तीर्थ म्हणून पुसलं. मग त्यांनी विज्ञान आणि अध्यात्म यांवर भाषण केलं, त्यात यंत्र हे निःपक्षपाती असतं हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की मला यंत्राची काळजी वाटायला लागली. वाचायचा मान तात्यांना दिला. तात्यांनी चष्मा लावला आणि स्क्रीनवरून मोठ्यानं वाचलं:

"चैत्र, थोरलं घर, नरहर विष्णू. वैशाख, मधलं घर..." आणि ते थांबले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "सत्यभामाबाई वामन."

अण्णा पुढं आले, वाकून बघितलं आणि प्रेमानं म्हणाले, "बाई, चूक झालीय बरं का तुमची."

"असेल," बाई म्हणाल्या. "माझ्या चुका होतात. कुठला नियम चुकला सांगा, आत्ता दुरुस्त करते."

"ते महिने सध्या आमच्याकडं आहेत."

"सध्या म्हणजे कधीपर्यंत? यंत्राला तारीख द्यावी लागते."

मागच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. अण्णांनी तिकडं बघून घेतलं आणि कारखानदारांकडं वळून हसले, की बघा, यंत्राला रीतभात शिकवावी लागते. मग म्हणाले, "असं करा. सुतकात सांभाळायला दिलेली पाळी परत जात नाही, असा नियम घाला."

बाईंनी वाद घातला नाही. "चालेल," म्हणाल्या, आणि तिथल्या तिथं एक ओळ बदलली. मी शपथेवर सांगतो, त्यांच्या चेहऱ्यावर कसलाही डाव नव्हता. सांगितलेलं लिहायचं, इतकंच. त्यांनी बटण दाबलं. "वाचा, तात्या."

तात्यांनी वाचलं. "चैत्र, धाकटं घर. वैशाख, धाकटं घर. ज्येष्ठ... धाकटं घर." त्यांचा आवाज बारीक होत गेला. फाल्गुनापर्यंत सगळं धाकटं घर. त्यांनी घाबरून तपकिरीची डबी चाचपली, जणू तीही कुणी परत मागेल.

"हे काय?" अण्णा म्हणाले.

बाईंनी शांतपणे समजावून सांगितलं. वामनराव गेले तेव्हा मधल्याची पाळी थोरल्या घराकडं गेली, परत आली नाही. गेल्या आश्विनात थोरल्या घराला सुतक आलं, तेव्हा थोरल्याकडं होतं नव्हतं ते सगळं धाकट्याकडं गेलं. तेही परत आलं नाही. तुमचाच नियम.

आता मात्र मंडप मोकळेपणानं हसायला लागला. तात्या हात जोडून म्हणायला लागले की मला नको हो, बारा महिने मला झेपायचं नाही, वडील रागावतील. अण्णांचा चेहरा त्या काचेवरच्या कुंकवासारखा झाला.

"तसं नाही," ते म्हणाले. "आमची पाळी परत येते. ती... तेवढी ती येत नाही."

"तसंही लिहिता येतं," बाई म्हणाल्या. "यंत्राला काही अडचण नाही. सर्वांची पाळी परत जाते, फक्त सत्यभामाबाईंची जात नाही. लिहू?"

आणि बाईंनी खरोखरच लिहायला घेतलं. कळा वाजल्या. मग थांबल्या आणि मान वळवून म्हणाल्या, "शेजारी कारण लिहावं लागतं, अण्णा. मी प्रत्येक नियमाला लिहिते. काय लिहू?"

अण्णा म्हणाले, "घरात पुरुष नाही."

"पण मान घराचा, पूजा बदली भटजी करतो. हे तुम्हीच सांगितलंत, वर लिहिलेलं आहे. तुमच्याकडं तोच करतो. दुसरं कारण सांगा."

मी नारदाच्या गादीशेजारी पेटीवर हात ठेवून बसलो होतो. समोर केशवराज, त्याचा दरवाजा उघडा. पुण्याचे पाहुणे, सगळं गाव आणि त्या काचेवर एक लहानशी रेघ लुकलुकत होती, कारणाची वाट बघत. यंत्राला घाई नसते. मी त्या वेळी मनात म्हटलं, देवा, तू इतकी वर्षं बघतोस, पण तू कधी असं विचारलं नाहीस.

तेव्हा खांबाकडून काकूंचा आवाज आला. चढलेला नव्हता. "सांगा की, भावोजी. जे असेल ते लिहू द्या त्यांना. मलाही कळेल इतक्या वर्षांनी."

अण्णांनी त्यांच्याकडं बघितलं. खरंच बघितलं, कारण त्यांची नजर मधेच अडखळली. मला वाटतं, ते कारण शोधत होते आणि त्यांना पहिल्यांदाच कळत होतं की ते कधी नव्हतंच. एक शब्द होता फक्त, आणि तो यंत्राला समजत नव्हता.

"पहिलं होतं तेच राहू द्या," ते म्हणाले.

बाईंनी नव्या ओळी पुसल्या आणि बटण दाबलं. तात्यांनी न सांगता, खणखणीत आवाजात वाचलं: "वैशाख, मधलं घर, सत्यभामाबाई वामन." आणि पुढं श्रावण, कार्तिक, माघ, सगळे वाचले. कारखानदारांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना काय झालं ते कळलं नव्हतं, पण शाल मिळाली होती.

पुढच्या उत्सवात अण्णांनी भाषण केलं की आमच्या संस्थेनं स्त्रीचा मान राखण्यात पंचक्रोशीत आघाडी घेतली आहे. ते त्यांना मनापासून वाटत होतं. माणसाचं हे एक बरं असतं.

चैत्री अमावास्येच्या संध्याकाळी ते स्वतः ताम्हन घेऊन मधल्या घरी गेले, चालीप्रमाणं. काकूंनी किल्लीला हळदकुंकू वाहिलं आणि अण्णांना चहा विचारला. अण्णांनी घेतला, दोन कप. एवढं मला काकूंनीच सांगितलं.

पहाटे मी पेटी घेऊन देवळात गेलो तर काकू गाभाऱ्याच्या दारापाशी उभ्या होत्या, नऊवारी नेसलेल्या, बदली भटजी सोवळ्यानं मागं थांबलेला. त्यांनी मालनबाईंना निरोप धाडून बोलावून घेतलं होतं. बाई आल्या त्या झोपेतून उठल्यासारख्या, चप्पल बाहेर काढून. काकूंना कुलपाचं भोक नीट दिसत नव्हतं. किल्ली कुलपाला लागत नव्हती. दोनदा प्रयत्न केला आणि मग त्यांनी ती बाईंच्या हातात दिली.

"तू उघड."

"काकू, मी देवबिव मानत नाही, तुम्हाला माहिताय."

"कुलूप मानतेस ना?"

मालनबाईंनी कुलूप उघडलं. अंधारातून शिळ्या फुलांचा आणि तेलाचा वास आला, काकू उंबऱ्याशी गुडघ्यांवर बसल्या आणि मी भूपाळीचा स्वर धरला. तो चुकला. काकूंनी त्या दिवशी मान वर करून बघितलं नाही.

त्यांना पुढं सात-आठ वर्षं किल्ली मिळाली. मालनबाई त्यांच्याही आधी वारल्या, मिरजेच्या दवाखान्यात, पाऊणशे माणसं भेटून गेली तरी त्यांच्या नावाचा दिवा लावायला घरचं कुणी नव्हतं. देवळात संगमरवरी पाटी आहे, तिच्यावर कारखानदारांचं नाव आहे आणि खाली अण्णांचं. म्हणून तुमच्याकडं एवढंच मागतो. वाळवंडीला आलात, गाभाऱ्यासमोर उभे राहिलात, तर केशवराजाला सगळे नमस्कार करून झाल्यावर क्षणभर मालन पटवेकर हे नाव मनात घ्या. नमस्कार नाही केलात तरी चालेल. त्या अवघडल्या असत्या. नुसती आठवण ठेवा.